थेंबाचा धाक

मंगळागौरीच्या रात्री साऱ्याजणी हात धरून फुगडीला ओढीत असताना "गुडघा धरलाय गं माझा" असे म्हणून भिंतीशी बसून राहणाऱ्या प्रौढ स्त्रीचा गुडघा पुष्कळदा ठणठणीत असतो. उडी मारली, गिरकी घेतली किंवा खदखदून हसू आले की लघवीचा थेंब सुटतो, परकर भिजतो, आणि ते कोणाच्या ध्यानात येईल या धास्तीने तिने फुगडीलाच काय, सकाळच्या हास्यक्लबालाही रामराम ठोकलेला असतो. पण खरी सबब चारचौघींत सांगण्याजोगी नाही म्हणून सारा दोष बिचाऱ्या गुडघ्याच्या नावावर जमा होतो. मधुमेहाची तक्रार हल्ली कौतुकाने सांगितली जाते, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे लग्नाच्या पंगतीत तोंडपाठ म्हटली जातात. लघवीवरचा ताबा सुटू लागल्याची गोष्ट मात्र सख्ख्या बहिणीपाशी काढतानाही जीभ अडते.

हे दुखणे विरळा असते तर हा संकोच समजण्यासारखा होता. परंतु देशोदेशींच्या पाहण्या एकत्र ठेवून पाहिल्या तर सुमारे चार प्रौढ स्त्रियांमागे एकीला ते कमीअधिक प्रमाणात असते असे दिसते. म्हणजे वीसपंचवीसजणींच्या भजनी मंडळात पाचसहाजणी हा त्रास सोशीत, एकमेकींपासून तो लपवीत, एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात. आपल्याकडे स्त्रिया असली दुखणी कितपत अंगावर काढतात याचा एक विश्वसनीय दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्यापूर्वी कधी काळी अशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या आठ टक्के. ती पाहणी लघवीच्या तक्रारीपुरती नव्हती, हे खरे. तरी 'बाईच्या जातीला हे असायचेच' या एका समजुतीखाली किती दुखणी दडपली जातात हे तिने उघडे केले. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्याची शिकस्त केली, त्याला इतकी वर्षे लोटली तरी आपण ओटीपोटाच्या खाली बोट दाखविताना अजून 'तिकडे' असाच शब्द योजतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की या व्याधीत थेंबाने होणारी हानी थोडी असते आणि थेंब लपविण्यासाठी केलेल्या बंदोबस्ताने होणारी हानी फार मोठी असते. हा बंदोबस्त एकदा नीट पाहण्यासारखा आहे. लग्नाला निघालेली अशी स्त्री आवडती मोतिया रंगाची साडी कपाटात परत ठेवते आणि गर्द जांभळी काढते. पिशवीत अहेराच्या पाकिटाखाली घडी केलेला दुसरा परकर आणि जुन्या लुगड्याच्या दोन घड्या असतात. सकाळपासून अर्ध्या कपावर चहा नाही, पंगतीत मठ्ठ्याच्या वाटीला हात लावायचा नाही. कार्यालयात शिरल्याबरोबर वधूवरांच्या आधी ती शौचकूप कोठे आहे ते पाहून घेते आणि त्याच्या वाटेवरची, कडेची खुर्ची धरते. एस.टी.चा चार तासांचा प्रवास तिला चार दिवसांचा वाटतो, म्हणून माहेरी जाणे लांबते, यात्रा तहकूब होते, नातवाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला 'तुम्हीच जाऊन या' असे ती सांगते. देवघरात मन रमणारी असेल तर अपवित्रतेची आणखी एक टोचणी तिच्या मागे लागते. काही वर्षांत घरच्यांना वाटू लागते की आई अलीकडे माणूसघाणी झाली आहे, आणि काही दिवसांनी तिलाही ते पटते.

पाणी तोडण्याचा उपाय तर सरळ उलटतो. कमी पाण्याने लघवी गडद व तीव्र होते, ती मूत्राशयाला चेतवते आणि घाई वाढते. जंतुसंसर्गाला वाव मिळतो. मलावरोध होतो व त्याचा दाब पुन्हा त्याच जागी येतो. दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाणी, थोडेथोडे करून, घ्यावेच. सार्वजनिक जागी स्वच्छ मुतारी नसल्यामुळे निरोगी बायकाही पाणी तोडतात हा आपल्या शहरांचा जुना दोष आहे. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली तिच्या गाऱ्हाण्यांपैकी एक हेच होते की पुरुषांना जेथे फुकट मुभा आहे तेथे स्त्रियांकडून पैसे घेतले जातात. ज्यांचा ताबाच सुटला आहे त्यांना हा दोष दुपटीने भोवतो.

आता शरीराची रचना थोडक्यात पाहू. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. ती दीडदोनशे मिलिलिटर भरली की पहिली जाणीव होते आणि चारपाचशेपर्यंत ती शांतपणे भरू शकते. दिवसातून सहा ते आठ वेळा लघवीला जावे लागणे हे सामान्य समजावे. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पट झोळीसारखा बांधलेला असून मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तोच तोलून धरतो. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची, म्हणून तिची सारी मदार या पटावर. लांबलेल्या कळा, मोठ्या अंगाचे मूल किंवा चिमटे लावून केलेली प्रसूती यांनी हा पट ताणला जातो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीअंतःस्राव ओसरले की तेथील अस्तर पातळ पडते. आणि त्यावर वाढते वजन, जुनाट खोकला, शौचाला कुंथणे, बाळंतपणातून उठताच उचललेल्या पाण्याच्या कळश्या यांचा हिशेब चढत जातो.

गळतीचे मुख्य प्रकार दोन, आणि आपला कोणता हे ओळखल्याशिवाय इलाज ठरत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना जी सुटते ती जोराची गळती. तेथे पट ढिला झालेला असतो. दुसरी घाईची: नळाचा आवाज ऐकला किंवा घराच्या कुलपात किल्ली घातली की एकाएकी अनावर लागते आणि न्हाणीघर गाठेपर्यंत दम निघत नाही, येथे मूत्राशयाचा स्नायू भलत्या वेळी आकुंचन पावतो. पुष्कळ स्त्रियांना दोन्ही असतात. याखेरीज जुन्या मधुमेहाने किंवा मज्जातंतूंच्या विकाराने मूत्राशय पुरते रिकामे न होता भरून ठिबकत राहते, तो प्रकार निराळा. अडलेल्या बाळंतपणानंतर अथवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस अखंड धार गळू लागली तर मूत्राशय व योनी यांच्यामध्ये छिद्र पडल्याचा संशय घ्यावा. तेथे व्यायामाचा काही उपयोग नाही, तज्ज्ञ शल्यविशारदाकडेच जावे, कारण शस्त्रक्रियेने ते छिद्र बहुतेक वेळा बंद करता येते.

या व्याधीचा सर्वांत अवघड भाग नात्यांचा आहे. पतिपत्नींच्या निकटतेच्या क्षणी थेंब सुटण्याची भीती ही स्त्रीला इतकी जाळते की ती त्या क्षणालाच टाळू लागते: आज डोके दुखते, उद्या एकादशी, परवा नातवंडाला जवळ घेऊन निजायचे आहे. पतीला कारण ठाऊक नसते, म्हणून तो आपल्या परीने कारण शोधतो, आणि अशा वेळी माणसाला सुचणारी कारणे सहसा चांगली नसतात. हिला आपला कंटाळा आला, हिचे मन संसारातून उडाले, असे तो धरून चालतो व स्वाभिमानाने स्वतःही दूर सरकतो. एका छताखाली दोघेही दुखावलेले, दोघेही मुके, आणि दोघांच्या मध्ये एक अशी गोष्ट की जी तीन वाक्यांत सांगता आली असती. ती वाक्ये सुचत नसतील तर आपल्या बोलीत अशी बसवून घ्यावीत: "अहो, मला तुमचा कंटाळा आलेला नाही. खोकलं तरी लघवी सुटते, तशी जवळ आल्यावर सुटेल म्हणून धाक वाटतो. डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय, बरोबर याल का?" हे अंधारात, निजण्याच्या वेळी सांगण्यापेक्षा सायंकाळी फिरावयास जाताना सांगणे अधिक सोपे जाते, तोंडाकडे पाहावे लागत नाही आणि तिसरे माणूस ऐकत नाही. उपचाराचा गुण येईपर्यंत आधी लघवीला जाऊन येणे, अंथरुणावर जाड पंचा पसरणे आणि पोटावर भार येणार नाही अशा रीतीने निजणे एवढ्याने पुष्कळ निभते. त्या वेळी थेंब सुटणे हेही याच व्याधीचे लक्षण असून ते डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे, लाजेने गिळण्यासारखे नाही.

पतीसाठी दोन शब्द. 'वय झालं, चालायचंच' हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारले जाते खरे, पण ऐकणारीच्या कानात ते फेटाळलेल्या अर्जावरच्या शेऱ्याप्रमाणे पडते. गाडी थांबवायला सांगितली तर कपाळाला आठी न घालता थांबवावी. आणि चारचौघांत, मुलांच्या देखत, 'हिला दर दहा मिनिटांनी लागते' असला विनोद करू नये.

उपायांचा आरंभ एका वहीपासून करावा. सलग तीन दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत आणि रात्री उठावे लागल्यास तेही, कधी किती पाणी वा चहा घेतला, कधी लघवीला गेले, जमल्यास मापाच्या भांड्याने ती किती झाली, आणि कधी, काय करताना सुटली, इतके टिपावे. ही नोंद घेऊन गेलेल्या स्त्रीला वैद्यकीय तपासणीत निम्मा संकोच वाचतो, कारण बोलण्याचे काम वही करते. या वहीतून पुष्कळदा चहाचीही झडती होते. दिवसाचे सहा कप दोनवर आणले की घाईची गळती काही जणींत आपोआप उतरते.

जोराच्या गळतीवर पहिला इलाज पटाच्या व्यायामाचा. अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली तो पद्धतशीर मांडला म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्या हठयोगातील मूलबंधाशी त्याचे जवळचे साम्य आहे, पण ज्यांना योगासनांचा सराव नाही त्यांनी त्या नावाने बिचकू नये. प्रथम उताणे पडून गुडघे उभे करावेत. वायू सरण्याच्या बेतात आहे आणि तो अडवायचा आहे, त्याच वेळी लघवीही रोखून धरायची आहे, अशा रीतीने त्या जागा आत व वर ओढाव्यात. तीनचार सेकंद धरावे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे, मग पुन्हा. पोट, मांड्या आणि नितंब सैल राहिले पाहिजेत व श्वास चालू राहिला पाहिजे. बहुतेकींची चूक येथेच होते, काही तर वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्याने बिघाड वाढतो. एका बैठकीत आठ ते दहा वेळा, दिवसातून तीन बैठका, हळूहळू धरण्याची मुदत दहा सेकंदांपर्यंत न्यावी; अंगवळणी पडले की बसून, उभ्याने, भाजी निवडताना, बसची वाट पाहताना करता येते. चालू लघवी मध्येच तोडून हा व्यायाम करण्याची सवय लावून घेऊ नये. याबरोबर एक युक्ती शिकावी: खोकला वा शिंक येणार असे कळताच, आणि बादली उचलण्याच्या आधी, पट आवळून घ्यायचा. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून पुष्कळजणी सोडून देतात. तीन महिने नेमाने केल्याशिवाय निकाल देऊ नये. स्नायू नेमका कोणता हे उमगत नसेल तर या कामात तयार असलेल्या फिजिओथेरपिस्टबाई एका भेटीत ते दाखवून देतात.

घाईच्या गळतीला निराळे शिक्षण लागते. 'उगाच जाऊन येते, नंतर लागायला नको' या सवयीने मूत्राशयाला थोडक्यावर ओरडण्याची खोड लागते. वहीवरून पाहावे: दर तासाला जावे लागत असेल तर पहिला आठवडा ते सव्वा तासावर न्यावे, मग दीड तासावर, आणि असे करीत तीन तासांच्या आसपास आणावे. अनावर लागली तर धावत सुटू नये. जागच्या जागी थांबून किंवा बसून पट चारपाच वेळा झटकन आवळावा, लक्ष दुसरीकडे न्यावे, लाट ओसरू द्यावी आणि मग सावकाश जावे. किमान सहा आठवडे या शिक्षणाला द्यावेत. येथे आयुर्वेदाचा आदर करणारी वाचकभगिनी विचारील की चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेग अडवू नयेत म्हणून अख्खा एक अध्याय आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे. भरलेल्या मूत्राशयाचा खरा वेग तासन् तास कोंडणे अपायकारकच. येथे थोपवायचा आहे तो अर्ध्यामुर्ध्या मूत्राशयाने उठवलेला खोटा वेग, तोही मिनिटामिनिटांनी.

वजन जास्त असेल तर ते उतरविण्याचा लाभ येथे अपेक्षेहून मोठा आहे. स्थूल स्त्रियांवर केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन घटलेल्या गटात गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पंचाहत्तर किलोच्या बाईने सहा किलो उतरविले तरी फरक पडू शकतो. खोकल्याचा व मलावरोधाचा इलाज करणे हाही याच उपचाराचा भाग होय.

डॉक्टरांकडे जाताना 'जरा अंगावर जातंय' असे मोघम सांगू नये, कारण त्याचा अर्थ पांढरे जाणे असा घेतला जाऊन भलतेच औषध मिळते. 'खोकले की लघवी सुटते' किंवा 'लागली की धरवत नाही' असे स्वच्छ सांगावे. अंग बाहेर येत असेल तर तेही. लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी, तसेच लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावर पुष्कळ काम भागते. चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्याव्यात. रक्तदाबाच्या काही गोळ्या मुळी लघवी वाढविणाऱ्याच असतात. घाईच्या प्रकारावर औषधे आहेत. त्यांपैकी काहींनी तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो आणि वृद्धांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून शेजारणीच्या गोळ्या घेऊ नयेत. रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गात लावावयाचे इस्ट्रोजेनचे मलम अनेकींना उपयोगी पडते. अंग बाहेर येत असेल तर आत बसवावयाची रिंग मिळते. लघवीत रक्त दिसणे, वरचेवर जळजळ व ताप, किंवा पायांत अशक्तपणा व जांघेत बधिरपणा येऊन ताबा एकाएकी जाणे, यांत मात्र एक दिवसाचाही उशीर करू नये. शेवटच्या प्रकारात तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

व्यायामाने न आटोपणाऱ्या जोराच्या गळतीवर शस्त्रक्रिया आहे आणि ती पुष्कळदा चांगली यशस्वी होते. मूत्रनलिकेखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसविण्याची पद्धत १९९० नंतर जगभर पसरली. परंतु काही स्त्रियांना त्या जाळीमुळे दीर्घकाळ वेदना झाल्याने ब्रिटनमध्ये २०१८ साली तिचा वापर स्थगित करण्यात आला. म्हणून पट्टी कशाची, स्वतःच्या शरीरातील ऊतीची करता येईल का, बिघडल्यास पुढे काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये. आणि 'पिशवी काढून टाका म्हणजे सगळेच मिटेल' असे कोणी सुचविले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. गर्भाशय काढल्याने लघवीवरचा ताबा परत येत नाही. उलट पुढे तो आणखी ढळण्याचा संभव असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये इतक्या सर्रास काढली गेली की २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे विसरू नये.

घरात वृद्ध सासूबाई असतील तर हा प्रश्न सुनेच्या पदरात निराळ्या रूपाने पडतो. अंथरुणाचा वास येतो, दोघींनाही तो कळतो, दोघीही बोलत नाहीत. सासूबाई भिजलेले पातळ पहाटे चोरून धुतात आणि ओल्या फरशीवरून घसरतात. रात्री धावपळीत पडून खुबा मोडणे हे म्हातारपणी गळतीपेक्षा कितीतरी महाग पडते. तेव्हा एकांतात, त्यांचा मान राखून, "आई, मलाही बाळंतपणानंतर असं व्हायचं, आपण दोघी मिळून काहीतरी करू" अशी सुरुवात करावी, अर्थात ते खरे असेल तरच. वाटेवर रात्रभर मंद दिवा, खाटेजवळ कमोडची खुर्ची, गादीवर मेणकापड व त्यावर सुती चादर, नेसण्यास झटकन सुटणारे कपडे, दिवसा दर दोनतीन तासांनी आठवण करून नेणे, भिजल्याबरोबर कोमट पाण्याने धुऊन कोरडे करून त्वचेवर झिंकचे मलम. बाजारात मिळणारे लघवीचे पॅड पाळीच्या पॅडहून अधिक शोषणारे असतात. ते परवडत नसतील तर सुती घड्या चालतात, मात्र त्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात, न्हाणीघराच्या मागे झाकून नव्हेत. लघवी वाढविणारी गोळी सासूबाई सायंकाळी घेत असतील तर ती सकाळवर आणता येईल का हे डॉक्टरांना विचारावे; आणि त्यासाठी जालच, तेव्हा सासूबाईंच्या कागदांबरोबर स्वतःची तीन दिवसांची वहीही पिशवीत टाकावी.